भिंतीवरचा वॉकर

सुंदरा : शिडी कुठं हाय ते सांगा. नसंल तर टेबल ओढते मी.

चेतन : सुंदरामावशी, आधी बसा. शनिवारी दुपारी प्रार्थनेचा हॉल बंद असतो. तुम्ही शटर बडवलंत म्हणून उघडलं. काय झालं ते तरी कळू द्या.

सुंदरा : बसायला आले न्हाई. तो वॉकर काढा भिंतीवरून. नाताळापासून टांगलाय. झिरमिळ्या काय लावल्यात, वर पाटी काय लावलीय, ‘काशिनाथभाऊंना प्रभूने चालवले’. माझ्या नवऱ्याचा हाय तो. मला पाहिजे.

चेतन : काकांनी तो आपल्या चर्चच्या मंडळीला दिला, मावशी. बमरोलीच्या चंगाई सभेत, आजारी माणसं बरी व्हावीत म्हणून प्रार्थना होते तिथं, सगळ्यांच्या देखत.

सुंदरा : दिला न्हाई, फेकला. मी तिथंच व्हते. पाहुणे प्रचारक माईकवर ओरडत व्हते, तुमची ढोलकी चालू व्हती, सगळा मांडव टाळ्या वाजवत व्हता. हे उठले, चालले अन् वॉकर भिरकावला. तो एका बाईच्या गुडघ्याला लागला, ते कुणी पाटीवर लिहिलं न्हाई.

चेतन : तुम्हाला वॉकरच हवा असेल तर नवा घेऊ. मंडळी देईल. त्यासाठी प्रभूच्या कामाची साक्ष भिंतीवरून कशाला उतरवायची?

सुंदरा : नवा हाय घरात. आमच्या पोरानं, सागरनं आणला, दाराआड उभा हाय. त्याच्यावर तुमचे काका टॉवेल वाळत घालतात. धरा म्हटलं की म्हणतात, तिथं भिंतीवर माझी साक्ष टांगलेली असताना मी इथं वॉकर धरला तर प्रभूला खोटं पाडलं. म्हून आले मी. जोवर हा भिंतीवर, तोवर माझा नवरा जमिनीवर. आता तरी कळलं का?

चेतन : जमिनीवर म्हणजे?

सुंदरा : म्हणजे सकाळी मोरीत पडले. मी दुधाला गेले व्हते. आले तर मोरीचं दार लोटलेलं अन् नळ धो धो चालू. मला वाटलं अंघोळ चालली. भात लावला मी, पास्टर. कुकर लावला, कोथिंबीर निवडली. मग ध्यानात आलं, बादलीचा आवाज न्हाई. दार ढकललं तर हे खाली. कपाळातून रगत. डोळे उघडे, माझ्याकडं बघतायत अन् तोंडातून अक्षर न्हाई. मला वाटलं, गेले.

चेतन : अरे प्रभू! आता कसे आहेत?

सुंदरा : टाके घातले. निजलेत घरी. तुम्ही मला हे विचारा, की नळ कामून चालू व्हता.

चेतन : का?

सुंदरा : कण्हलेलं भिंतीपलीकडं जाऊ नये म्हून. पलीकडं उखाभाऊ राहतो. एक हाक मारली असती तर माणूस धावत आला असता. न्हाई मारली. कारण उखाभाऊ तुमच्या मंडळीत येतो, दर रविवारी ही पाटी वाचतो.

चेतन : मावशी, मी आत्ता घरी येतो. आपण त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करू.

सुंदरा : करा. मी कधी न्हाई म्हटलंय? जालन्याला माझी आजी मिशनच्या दवाखान्यात पोछा मारायची, तव्हापासून आमच्या घरात प्रार्थना हाय. मला प्रार्थना शिकवू नका. टेबल ओढा.

चेतन : पण काका तर चालतात. मी स्वतः बघतो. दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसलेले असतात. सगळे गेल्यावर जातात. मी व्यासपीठावरून त्यांचं उदाहरण देतो तरुणांना.

सुंदरा : ते उदाहरण तुम्ही दिलंत तव्हा मी खाली मान घालून बसले व्हते. तुम्हाला काय वाटलं, लवकर येतात ते प्रार्थनेची गोडी लागली म्हून? सागर त्यांना काखेत धरून आणतो. गल्ली उठायच्या आधी. खुर्चीत बसवतो, पाय नीट जुळवून ठेवतो, सदरा ओढून सरळ करतो. मग लोक येतात. हे बसल्या बसल्या हात मिळवतात. सगळे पांगले की सागर पुन्हा उचलतो. भर उपासनेत लघवीला लागली तरी उठत न्हाईत. शनिवारी दुपारपासून पाणी पीत न्हाईत त्यासाठी. आजबी प्यायले नसते, डॉक्टरनं बळंच पाजलं. बोला ना आता.

चेतन : एकदा मी सागरला पाहिलं होतं. त्यांना उचलताना.

सुंदरा : अन्?

चेतन : मला वाटलं, त्या दिवशी थकले असतील.

सुंदरा : तुम्हाला वाटलं न्हाई. तुम्ही वाटून घेतलंत.

चेतन : मी खोटं काही केलेलं नाही, मावशी. ते चालले होते. मी डोळ्यांनी बघितलं, तुम्हीही बघितलंत.

सुंदरा : बघितलं. रडले बी. पण डॉक्टरनं आधीच सांगितलं व्हतं मला. हा कंपवात हाय, वयाचा हाय, वाढतच जाणार. गाणं असलं, ठेका असला की पाय सुटतात, ठेका थांबला की पुन्हा जमिनीला चिकटतात. गोळीनं निभतं म्हणाला. सभेवरून आले अन् यांनी गोळ्यांची पिशवी कचऱ्याच्या गाडीत टाकली. मी दुसऱ्या आणल्या, खलात कुटते, वरणात कालवते. या वयात नवऱ्याला चोरून औषध चारते मी, जसं काय विष घालतेय.

चेतन : म्हणजे तुमचं म्हणणं, त्या दिवशी प्रभूनं काहीच केलं नाही?

सुंदरा : मी असं कुठं म्हटलं? केलं असंल. त्यानं एक दिवस दिला. एक दिवस बी कमी न्हाई, मी त्याचे उपकार मानले. पण एक दिवस दिला तर एक दिवस म्हणा की. तुम्ही त्याला खिळा ठोकून कायमचा टांगला.

चेतन : तुम्हाला हे सोपं वाटतं. कुंदनची बायको आठवते? तिची मुलगी, पायानं अधू. ती बाई दर रविवारी त्या वॉकरच्या बरोबर खाली बसते. पोरीला वर बोट करून दाखवते. तिचा नवरा मागावर रात्रपाळी करतो, सासू तिला पांढऱ्या पायाची म्हणते. आठवड्यातून दोन तास तिला इथं धीर मिळतो. उद्या ती येईल आणि भिंत रिकामी असेल. काय सांगायचं मी तिला?

सुंदरा : खरं सांगायचं.

चेतन : खरं काय, ते तरी तुम्ही सांगा. की प्रभू बरं करत नाही?

सुंदरा : की कधी करतो, कधी न्हाई करत, अन् न्हाई केलं तरी तो उठून जात न्हाई. माझा त्याच्यावर राग हाय, पास्टर, चोरून ठेवत न्हाई मी. रोज चुलीपुढं त्याला बोलते. हा माणूस पलसाण्याच्या मिलात रंगखात्यात उभा राहून म्हातारा झाला, गरम वाफेत, ओल्या पायांनी, कुणाचं वाईट केलं न्हाई, अन् तू याला असं मोडतोस? असं तोंडावर विचारते. तो ऐकून घेतो. तुमच्याच मंडळीत म्हातारं व्हायची सोय न्हाई. इथं एक तर बरं व्हायचं, न्हाई तर विश्वास कमी पडला म्हून मान खाली घालायची. तिसरी जागाच न्हाई बसायला. तुमचे गुडघे धड हायेत तोवर तुमचा विश्वास बी धड दिसतो.

चेतन : असं बोलू नका. मी काकांसाठी उपास धरले आहेत. पण एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. मिळालेली चंगाई राखावी लागते. घरात कोणी संशय धरला, तर ती टिकत नाही. हे मी नाही, मोठे मोठे सेवक सांगतात.

सुंदरा : घरात कोणी म्हणजे?

चेतन : कोणीही. मी नाव घेत नाही.

सुंदरा : घरात दोघंच असतो आम्ही. सागर वरच्या खोलीत राहतो, तो सकाळ-संध्याकाळ येतो. नाव घ्यायला उरलं कोण?

चेतन : मावशी...

सुंदरा : मावशी म्हणू नको मला. माझ्या पोराहून लहान हायेस तू, चेतन. नवापूरहून पिशवी घेऊन आलास तव्हा माझ्या घरात जेवलास. तुझ्या लग्नात पोळ्या लाटल्या मी. अन् तू मला सांगतोस, माझ्या संशयानं माझा नवरा मोरीत पडला? तू त्याचा ओला कपडा बदललास का कधी? शर्टाची गुंडी लावताना त्याची बोटं थरथरतात अन् तो भिंतीकडं तोंड करतो, ते बघितलंस का? मी रोज त्याला उचलते, संशय धरून उचलते का विश्वास धरून, ते मलाच ठाऊक न्हाई. उचलते. सरक. टेबल मीच ओढते.

चेतन : थांबा, पडाल. मावशी, टेबलाचा पाय ढिला आहे.

(बाहेर रिक्षा थांबते. अर्ध्या शटरखालून आधी लाल प्लास्टिकची खुर्ची आत सरकते आणि तिच्या पाठीला धरून, वाकून, काशिनाथ. कपाळाला पट्टी, अंगात इस्त्रीचा सदरा. एवढं झालं तरी गडी सदरा बदलून आलाय.)

काशिनाथ : सुंदरा. घरी चल.

सुंदरा : कुणी आणलं तुम्हाला? डॉक्टरनं निजून राहा म्हटलं व्हतं.

काशिनाथ : भूपेंद्रच्या रिक्षातून आलो. दारात उतरवलं त्यानं. जा म्हटलं.

चेतन : काका, बसा. खुर्ची घट्ट धरतो मी.

काशिनाथ : धरू नका. सुंदरा, टेबल सोड. माझी साक्ष हाय ती. तू कोण काढणार?

सुंदरा : मी बायको. भांडी घासणारी, कपडे बदलणारी, मोरीतून रगत धुणारी. आणखी सांगू?

काशिनाथ : मी खोटं बोललो न्हाई. त्या दिवशी पाय माझे व्हते. पहिल्यासारखे. मिलात जायचो तसे.

सुंदरा : त्या दिवशी खरं बोललात. त्याच्यानंतर रोज खोटं बोलताय, तोंड न उघडता. खुर्चीत बसून.

काशिनाथ : मग काय करू? उभं राहून सांगू, गेलं म्हून? देवानं दिलं अन् परत घेतलं? लोक हसतील. मला हसू दे. त्याला हसतील.

सुंदरा : प्रभू काय तुमच्या पायांवर उभा हाय?

काशिनाथ : सुंदरा.

सुंदरा : सांगा ना. तुमचे गुडघे वाकले तर तो पडंल? एवढा तकलादू देव असंल तर मला नको. पास्टर, तुम्हाला चालतो का असला?

चेतन : मावशी, काकांना त्रास होतोय. आपण नंतर बोलू.

काशिनाथ : बोलू द्या तिला. वरणात गोळी घालते ते सांगितलं का तिनं?

सुंदरा : तुम्हाला कसं कळलं?

काशिनाथ : वरण कडू लागतं. दुपारी.

सुंदरा : अन् खाता?

काशिनाथ : तू वाढतेस. खातो.

सुंदरा : मग खल कुटताना मी रेडिओ मोठा करते ते कशासाठी? येडी म्हून? माहीत व्हतं तर सरळ पाण्यासंगं का न्हाई घेतली?

काशिनाथ : घेतली असती तर तुझ्यापुढं कबूल करावं लागलं असतं. पाय गेले म्हून. तू पास्टरांना सांगितलं असतंस. मग ते तुझ्यावर आलं असतं.

सुंदरा : माझ्यावर काय आलं असतं?

काशिनाथ : जाऊ दे.

सुंदरा : जाऊ दे न्हाई. काय आलं असतं?

काशिनाथ : पास्टर घरी आले व्हते. नाताळ झाल्यावर. तू बाजारात व्हतीस. प्रार्थनेत म्हणाले, या घरातला अविश्वास दूर कर. मी विचारलं, कुणाचा. म्हणाले, कधी कधी बायकांचं मन डळमळतं, अन् त्यांच्यापायी माणसाची चंगाई जाते.

सुंदरा : असं म्हणालास तू?

चेतन : म्हणालो असेन. नाव घेऊन नाही.

काशिनाथ : मी मनात म्हटलं, पाय जायचे ते जातील. पण मंडळीत माझी बायको बदनाम नको. चाळीस वर्सं ही बाई प्रार्थनेत पुढं. लोक म्हणाले असते, हिनं घालवलं. म्हून पडलो तरी बोललो न्हाई. मोरीत बी.

सुंदरा : म्हणजे नळ उखाभाऊसाठी न्हाई सोडला तुम्ही?

काशिनाथ : तुझ्यासाठी सोडला. तू दारात असशील, कण्हणं ऐकशील अन् पास्टरांकडं जाशील वाटलं.

सुंदरा : मी भात लावत व्हते. तुम्ही तिकडं रगतात, अन् मी कोथिंबीर निवडत व्हते. कसली अब्रू माझी राखत व्हता तुम्ही? मला जर विधवा करून अब्रू राखली असती, तर ती घेऊन मी काय चाटली असती?

काशिनाथ : ओरडू नको. शिरा ताणतात.

सुंदरा : ताणू दे. तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं, एकानं माझ्यावर ढकलायचं अन् दुसऱ्यानं ते झेलायचं. मला कुणी विचारलं न्हाई. चेतन, तू वधस्तंभाच्या वाटेवर प्रवचन देतोस ना दर वर्षी? प्रभूला वधस्तंभ उचलवेना तव्हा काय झालं?

चेतन : तो उचलायला वाटेवरच्या शिमोनाला धरून आणलं. शेतावरून येत होता तो.

सुंदरा : मग त्या वाटेवर कुणी म्हटलं का, याचा विश्वास कमी पडला? याच्या आईच्या मनात संशय व्हता? देवाचा पोरगा अन् त्याला बी दुसऱ्याचा खांदा लागला. त्यानं न्हाई म्हटलं न्हाई.

काशिनाथ : त्याची अन् माझी बरोबरी करू नको.

सुंदरा : मी कशाला करीन? तुम्हीच करताय. त्यानं खांदा घेतला, अन् तुम्हाला चार पाइपांचा वॉकर नको. त्याच्याहून मोठे झालात का तुम्ही? अन् शिमोन तरी जवान गडी असंल. मी न्हाई जवान. माझी कंबर गेलीय.

काशिनाथ : कधी?

सुंदरा : तुम्हाला मोरीतून काढलं तव्हा न्हाई. होळीच्या आधीच गेली. तुम्हाला पलंगावरून उठवताना. रात्री कुशीवर वळायचं तर दात आवळते. तुमच्याकडं पाठ करून निजते, तोंड दिसू नये म्हून. एक वॉकर इथं टांगलाय, दुसरा टॉवेल वाळवायला, अन् तिसरा मी. मला कोण टांगणार हाय भिंतीला?

काशिनाथ : बोलली न्हाईस.

सुंदरा : तुम्ही तरी कुठं बोललात?

चेतन : काका, बसा ना. पाय कापतायत तुमचे.

काशिनाथ : बसतो. खुर्ची धरा.

चेतन : धरली. सावकाश.

काशिनाथ : आता टेबल ओढा. अन् तो काढा खाली.

चेतन : काका, तुम्ही नीट विचार केलाय का?

काशिनाथ : पाटी बी काढा. पाटीवर दिवस लिहिला न्हाई. वाचणाऱ्याला वाटतं, मी अजून चालतोय.

चेतन : मावशी, टेबलाला हात लावू नका. कंबर... मी चढतो. टेबल हलतंय, काही हरकत नाही. खिळा गच्च बसलाय. निघाला. धूळ आहे, तोंड फिरवा.

सुंदरा : इकडं द्या. झिरमिळ्या काढते. कशा गुंडाळल्यात, लग्नाच्या गाडीला गुंडाळतात तशा. खालचं रबर गेलंय एका पायाचं. घसरंल.

चेतन : मी रबर बसवून आणतो. आत्ता जाऊन.

सुंदरा : चेतन, तू मला जे म्हणालास ते मी आज विसरणार न्हाई. उद्या बी न्हाई. तुला सांगून ठेवते.

चेतन : नका विसरू. माझं चुकलं, मावशी. काका, तुमच्या बाबतीतही चुकलं. पण मला खरंच कळत नाही. उद्या सकाळी लोक भिंतीकडं बघतील. कुंदनची बायको पोरीला घेऊन बसलेली असेल. मी वर उभा राहून काय सांगू?

काशिनाथ : सांगा, काशिनाथ म्हातारा झाला. प्रभू न्हाई झाला.

चेतन : माझ्या तोंडून नाही निघणार ते.

काशिनाथ : मग मीच सांगीन. उद्या सागरला लवकर उठवू नको, सुंदरा. सगळे बसल्यावर येऊ. त्या बाईच्या पोरीला माझ्याजवळ बसवा. तिला बी वॉकर धरून बघू द्या, कसा असतो ते. बघण्यासाठी टांगायची वस्तू न्हाई ती.

चेतन : लोक काय म्हणतील, काका?

काशिनाथ : म्हणू द्या. मला लघवीला जायचंय. सकाळपासून.

सुंदरा : मग उठा की. उद्याचं भाषण उद्या. चेतन, शटर वर कर पुरतं. तुम्ही दोन्ही हातांनी धरा, एका हातानं न्हाई. खाली बघू नका, माझ्याकडं बघा. पुढं पायरी हाय. आधी तो पुढं ठेवा, मग पाय.